कडेचा हात

रमाबाईंचा पोह्यांचा चमचा तोंडाशी गेला आणि तिथेच थांबला. त्यांची नजर भिंतीवर होती.

भिंतीवर टकलू रंजिताचा फोटो होता. दोन वर्षांची पोर, तुळतुळीत डोकं, डोळ्यांत पाणी, मुठीत लाडू. आजीने, म्हणजे भामाने, हनुवटी धरलेली. मागे न्हावी, मामा, आत्या, सगळे दात काढून हसतायत. एकविरेला जावळ काढलं तेव्हाचा.

तोवर सगळं गोडीत चाललं होतं. पाहुणे कळंबोलीहून सुकापूरला मुलगी बघायला आले होते. रमाबाईंनी आल्या आल्या रंजिताचा फोटोही काढला होता, सोफ्यावर, आजीचा हात खांद्यावर असताना. घरच्यांना दाखवायला, म्हणाल्या. त्यांचा मुलगा राजस रंजिताला आवडला होता. चहा देताना तिने बशीत सांडला, त्यावरून भामाने ते ओळखलं. एरवी या पोरीच्या हातून थेंब सांडत नाही.

"हिला लहानपणी काही आजार होता का हो?" रमाबाईंनी विचारलं.

"शेंबूड होता," भामा म्हणाली.

रमाबाई हसल्या नाहीत. त्यांनी फोनवर बराच वेळ बोट फिरवलं आणि एक जुना मेल काढून जगनपुढे धरला. जगन रंजिताचा बाप. मेलमध्ये तोच फोटो होता, नुसत्या तोंडापुरता कापलेला. ना न्हावी, ना लाडू. खाली लिहिलं होतं, या बाळाला रक्ताचा कॅन्सर आहे, हा मेल जितक्या जणांना पाठवाल तितक्या वेळा एक कंपनी ऑपरेशनसाठी दहा पैसे देईल.

जगनचं तोंड उतरलं. नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा हा फोटो त्यानेच हौसेने सगळ्या मित्रांना मेल केला होता. पुढे त्याचं काय झालं ते त्याला आज कळत होतं.

"मी आमच्या अख्ख्या बँकेला पाठवला होता," रमाबाई म्हणाल्या. "रडले होते मी. मुलगी वाचली, फार बरं वाटलं. पण लग्न म्हटलं की बघावं लागतं."

भामाने फ्रेम खिळ्यावरून काढली आणि फोनशेजारी ठेवली. मेलमधल्या फोटोच्या कडेला एक हात राहून गेला होता, मनगटापर्यंत. त्यावर तुळस गोंदलेली. भामाने आपला हात तिथेच पालथा टाकला. तीच तुळस.

"जावळ काढलंय पोरीचं. कॅन्सर नाय, न्हावी हाय तो."

"असेलही, आजी. तरी एक रिपोर्ट दिलात तर..."

"आई, राहू दे ना," राजस पुटपुटला.

"तू गप्प बस."

तो बसला.

"मी करते टेस्ट," रंजिता म्हणाली.

"तू काय नाय करायचंस." भामा रमाबाईंकडे वळली. "सगल्या बँकेला पाठवलंत, तवा मागितला होतात रिपोर्ट?"

रमाबाईंनी पर्स उचलली. राजस मागून गेला. जाताना त्याने एकदा वळून बघितलं, तेवढंच.

"जगन, दार लाव," भामा म्हणाली. "माश्या येतील."

पाहुण्यांची गाडी कळंबोलीला पोचली असेल-नसेल, तोच रंजिताचा फोन वाजला. मैत्रीण मितालीचा मेसेज होता. तिची मावशी रमाबाईंच्याच बँकेत होती. अगं, हे काय फिरतंय तुझ्या नावाने, असं तिने विचारलं होतं. सोबत फिरणारा मजकूरही फोटोसकट पाठवला होता. रंजिताने तो मोठ्याने वाचला.

"सुकापूरच्या या गुणी मुलीला लहानपणी रक्ताचा कॅन्सर होता. घरचे लपवत आहेत. बिचारीसाठी प्रार्थना करा. पुढे पाठवा."

भामाने फोन हातात घेतला. तिला वाचायला वेळ लागतो. फोटो कळायला वेळ लागला नाही. सोफ्यावरचा होता, नुसत्या रंजितापुरता कापलेला. कडेला, तिच्या खांद्यावर, एक हात राहून गेला होता. मनगटापर्यंत.