काडतुसांच्या खोलीतली हवा

“अर्बाब, उधर पंखा लगाव! नहीं तो मेरा आदमी खलास!”

आखातात, रिफा शहरातल्या त्या बंगल्याच्या स्वयंपाकघरात शेवंती हातातलं उलथनं नाचवत मालकावर, गनीवर ओरडत होती. गनीला नेमबाजीचा नाद. परवाना होता, आणि झाडलेली काडतुसं घरीच पुन्हा भरून घ्यायची हौसही होती. भरायचा मात्र तिचा नवरा, ड्रायव्हर रावजी. मागच्या कोठीत दार-खिडक्या बंद, एसीची तीच तीच हवा नाकातोंडात. काडतुसं भरताना उडणाऱ्या धुळीत शिसं असतं आणि ते रक्तात उतरतं, हे दवाखान्यातल्या डॉक्टर अदीबांनी सांगितलं, तेव्हापासून शेवंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिला पाचवा महिना चालू होता. पोराला बाप धडधाकट हवा होता.

“आवाज चढवू नको,” गनी गेल्यावर रावजी पुटपुटला. “व्हिसा त्येंचो आसा.”

“व्हिसा त्येंचो, घोव माझो!”

गनी वैतागला खरा, पण चार दिवसांत धूळ बाहेर फेकणारा पंखा आला, चांगला मास्कही आला. तरी तिचा राग निवेना. रावजी काम संपवून आला की ती त्याला खोलीच्या दारातच अडवी आणि अंगावरचे कपडे उतरवून घेई. ते मालकिणीच्या मशीनमध्ये घालायला तिचा जीव धजेना; त्यांच्या घरातही लेकरं होतीच. बाथरूमचं दार लावून ती एकेक शर्ट तावातावाने झटके, गनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करी, आणि मग हाताने धुऊन काढी.

एवढ्यानेही समाधान होईना, तेव्हा ती रावजीला रक्त तपासायला ओढतच घेऊन गेली. सुई बघूनच त्याला घाम फुटला.

“बघा, माका काय होता काय?” म्हणत तिने आधी स्वतःचा हात पुढे केला.

आठवड्याने रिपोर्ट आले. वरच्याच कागदावर आकड्याखाली लाल रेघ होती. शेवंती खुर्चीतून ताडकन उठली.

“देखा? मैं बोलती थी ना!” मग रावजीकडे वळून ती कडाडली, “आता त्या गनीक सोडूचंय नाय! माझ्या पोराच्या बापाक विष घालता म्हणजे काय?”

“शेवंती, बैठो,” डॉक्टर अदीबा हळूच म्हणाल्या. “रावजी बिलकुल ठीक है. ये रिपोर्ट तुम्हारा है.”