काचेवरचा डाग

संग्रहालयात काचेच्या पेटीत आमची खापरपणजी होती. हिरव्या दगडात कोरलेली, मान एका बाजूला कललेली, बोटाएवढी. आमच्या मुलखातल्या आराहुरा नदीतला तो दगड आमच्या घरच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात घातला होता. अंगाच्या उबेनं तो तकाकला होता.

"वस्तूंपासून जरा लांब राहा," संग्रहालयाचे बार्लोसाहेब म्हणाले.

"वस्तू कोणाला म्हणताय?" मेरेआना आत्या म्हणाली. "आमच्या घरचं माणूस आहे ते. न्यायला आलोय."

"त्याला कागदपत्रं लागतात, बाई."

"तुम्ही तिला उचलून आणलंत, तेव्हा कुठली दाखवली होती?"

आत्या पेटीपाशी गेली. घरच्या माणसाला भेटल्यावर आम्ही नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ लावतो, एकमेकांचा श्वास घेतो. तसंच तिनं काचेला नाक-कपाळ टेकवलं, खापरपणजीचं नाव घेतलं आणि मागे सरली.

काचेवर वाफेचा डाग राहिला. साहेबांनी कपाळाला आठ्या घालत रुमालानं तो पुसला.

त्याच जागी आणखी एक डाग होता. इवलंसं नाक आणि कललेलं कपाळ. साहेबांनी पुन्हा पुसलं, मग जोर लावून पुसलं.

"तो आतून आहे," मी म्हटलं.

दगड पेटीच्या मधोमध होता, जागचा हलला नव्हता. डाग हळूहळू विरला आणि आमच्यादेखत पुन्हा उमटला.

साहेबांचा हात काचेवर तसाच राहिला.

"जीव गुदमरतोय तिचा," आत्या म्हणाली. "किल्ली काढा."