अण्णांचा इको

बेंगळुरूच्या सरकारी इस्पितळात इको काढणाऱ्या वाणीची एक सवय होती. हृदय चांगलं असलं की ती मॉनिटर पेशंटकडे वळवून दाखवायची. नसलं की जेल पुसायला कापूस हातात देत "डॉक्टर सांगतील" एवढंच म्हणायची. घरी जेवताना वडिलांना तिनं हे कितीदा तरी सांगितलं होतं.

आज मल्लेश्वरमहून मेट्रोनं आलेले तेच अण्णा तिच्यासमोर डाव्या कुशीवर झोपले होते आणि त्यांचं हृदय जेमतेम हलत होतं. तरीही वाणीनं मॉनिटर त्यांच्याकडे वळवला.

"बघा अण्णा, सगळं सरी आहे, अगदी ठीक. कसली काळजी नाही."

अण्णांनी मॉनिटरकडे पाहिलंच नाही. तिच्याकडे बघत ते म्हणाले,



"घरी आईलाही असंच सांग. फक्त सांगताना स्वल्प हस."