काही नाही, सर

पूर्णवेळ फौज सोडून ओहायोचा डेल्बर्ट राखीव दलात आला, तो पेन्शनपुरती उरलेली वर्षं भरायला. दरवर्षी धावण्याच्या चाचणीआधी डॉक्टर विचारायचे, "सार्जंट, काही दुखतंय?"

"काही नाही, सर."

दुखतंय म्हटलं की घरी पाठवणार, पेन्शन बुडणार. मग धावून आल्यावर तो गाडीत गुडघ्यांवर बर्फ धरून बसायचा.

साठीला पेन्शन एकदाची पदरात पडली. बायको लॉर्ना त्याला माजी सैनिकांच्या दवाखान्यात घेऊन गेली. "आता सगळं सांग बाबा. आता कोण काढतंय तुला?"

डॉक्टर आत आले. "सार्जंट, काही दुखतंय?"

डेल्बर्ट काठी सोडून ताठ उभा राहिला. "काही नाही, सर."

लॉर्नाने कपाळावर हात मारला. "मला विचारा, डॉक्टर. इतकी वर्षं रात्रभर कण्हतोय हा, आणि जागतेय मी."