पहिली पोस्ट

"एकदा टाकलं की परत काढता येतं ना?" सचिवबाईंनी पुन्हा विचारलं.

"मला काय विचारता? खात्याची हौस तुमची," अध्यक्ष म्हणाले. "आपली संस्था हरवलेली माणसं शोधते ती खांबांवर कागद चिकटवून. ह्या फेसबुकवर एक जरी माणूस सापडलं, तर मी कान पकडीन. नाहीतर महिनाअखेर हे दुकान बंद."

सचिवबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर लोकांची बोलणी जोडून दिली, पण हे खातं उघडताना त्यांना घाम फुटला होता. संस्थेचं नाव टाकलं, पाटीचा फोटो टाकला. पुढे सगळी सामसूम. फॉलोअर म्हणून त्यांची धाकटी बहीण तेवढी आली, तीही दटावल्यावर.

अशात ती आई आली. साधी, नीटनेटकी, डोळे रडून सुजलेले. दोन महिन्यांपूर्वी मुलगी कॉलेजातून घरी आलीच नव्हती. लेकीचा हसरा फोटो तिने पदराने पुसून टेबलावर ठेवला.

"पोलिसांत तक्रार दिलीत? तिची प्रत लागते आम्हाला," सचिवबाई म्हणाल्या.

"बोभाटा होईल हो बाई. उद्या तिचं लग्न कसं व्हायचं? तुम्हालाही लेकीबाळी असतील."

प्रतीशिवाय फोटो लावायचा नाही, हा संस्थेचा नियम त्यांनीच केलेला. पण समोर आई रडत होती, आणि खातं रिकामं होतं.

"बरं. तुमचे मुलगे बाहेर गाडीत बसलेत ना? बोलवा, चहा घेतील."

"नको, ते गाडीतच बरे आहेत." आईने त्यांचा हात धरला. "आणि ती सापडली तर तिला आधी काही कळवू नका. भित्री आहे पोर. मीच जाऊन जवळ घेईन."

फोटो टाकला, खाली संस्थेचा नंबर दिला आणि सचिवबाईंची झोप उडाली. नंबर चुकला तर? कुणी घाणेरडं लिहिलं तर? कुणी बघितलंच नाही तर? भाजी परततानाही एक हात मोबाइलवर. आधी चार जणांनी तो पुढे पाठवला, मग चाळीस, मग मोजणंच राहिलं. कुणी हळहळलं, कुणी संस्कारांवर भाषण झोडलं. आणि एका सकाळी खाली कुणीतरी लिहिलं, 'ही आमच्या गल्लीतल्या बेकरीत असते. गेल्याच महिन्यात कामाला लागलीय.' सोबत शहर आणि गल्लीचं नाव.

सचिवबाई खुर्चीतून उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. त्या बेकरीत फोन लावून मुलीशी बोलावं, असं त्यांच्या मनात आलं. पण आईचे शब्द आठवले. त्यांनी आधी ती ओळ पुसून टाकली, न जाणो, कुणी भलताच तिथे पोचायचा. मग आईला फोन केला.

तासाभरात गाडी दारात. ह्या खेपेला आई रडत नव्हती.

"एकटीच राहते का तिथे?" तिने विचारलं.

"ते नाही कळलं."

पत्ता तिने मुलांना दोनदा वाचून दाखवला. मग सचिवबाईंचे दोन्ही हात कपाळाला लावले आणि म्हणाली, "तुमच्यामुळे लेक परत मिळाली." गाडी धुरळा उडवत गेली.

अध्यक्षांनी खरोखरच कान पकडले. "जिंकलात बाई! उद्यापासून सगळ्यांचेच फोटो टाका." सचिवबाई कितीतरी दिवसांनी मोकळ्या हसल्या.

तेवढ्यात मोबाइल किणकिणला. संस्थेच्या खात्यावर आलेला पहिलाच खाजगी निरोप. नाव नाही, फोटो नाही. कुणीतरी कौतुक केलं असणार, म्हणून त्यांनी तो अध्यक्षांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचायला घेतला.

'मी हरवलेली नाही. लपलेय. माझा फोटो आत्ताच्या आत्ता काढा, आईला पत्ता लागायच्या आत.'