चौथऱ्यावरून उतरलेले आसन

गेल्या शनिवारी, सकाळी अकराच्या सुमारास, वार्षिक आसन-रचना स्पर्धेच्या सभागृहात, परीक्षक मंडळाचे अध्यक्ष दमून मटकन खाली बसले. आणि खांबाआड उभ्या असलेल्या एका रचनाकाराने कपाळावर हात मारून घेतला. अध्यक्ष ज्यावर बसले होते, ती त्याचीच स्पर्धेतली खुर्ची होती.

चूक त्याचीच. चौथरा किंचित उतरता असल्याने खुर्चीचा एक पाय केसभर डुगडुगत होता. दुसऱ्या कोणी पायाखाली कागदाची घडी सरकवली असती. याने खुर्चीच खाली, गालिचा अंथरलेल्या सपाट फरशीवर उतरवली आणि चारही पाय पारखायला घेतले. तेवढ्यात घंटा झाली, स्पर्धकांना खांबांच्या मागे पिटाळण्यात आले, आणि चौथऱ्यावर उरली ती नुसती पाटी : ‘आसन. सागवान. बसण्यासाठी.’

“अहो, सांगा ना त्यांना!” बायको कुजबुजली.

“काय सांगू? उठा म्हणू?”

“मग काय, तुमच्या खुर्चीत रेलून दुसऱ्याला बक्षीस देऊ देणार?”

शेजारी मेहुणा उभा होता. त्याचे कपाटांचे दुकान होते आणि ते उत्तम चालत होते. तो मजा बघायला आला नव्हता. निकाल न्यायला आला होता. गेली कित्येक वर्षे या रचनाकाराच्या हातून जे जे उतरले, ते लोकांना भलतेच काही वाटत आले होते. त्याच्या दिव्याला पिंजरा समजून शेजाऱ्यांनी पोपटाची चौकशी केली. त्याच्या दिवाणावर सासूबाईंनी निःशंक मनाने चादरी वाळत घातल्या. तीन पायांच्या खुर्चीपाशी तर पाहुणे चपला हातात घेऊन विचारत, “यावरच ठेवायच्या ना?” अखेर मेहुण्याने अट घातली होती. “भाऊजी, शेवटची संधी. तुमच्या खुर्चीला, तुम्ही न सांगता, एका तरी परक्या माणसानं खुर्ची म्हणावं. मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाहीतर सोमवारपासून माझ्या गल्ल्यावर बसायचं.” म्हणूनच या वर्षी रचनाकाराने खुर्चीतली एकेक हुशारी तासून काढली होती. चार पाय, एक पाठ, दोन हात. संपले.

अध्यक्षांनी पाय पसरले, दोन्ही कोपर खुर्चीच्या हातांवर टेकवले आणि समोरच्या रिकाम्या चौथऱ्याकडे डोळे बारीक करून पाहिले. आतापर्यंत त्यांनी खिळ्यांचा झोपाळा पाहिला होता; बर्फाचा बाकही पाहिला होता, आणि त्याचे पाणी त्यांच्या बुटात गेले होते.

“वा,” ते हळूच म्हणाले.

उरलेले दोन परीक्षक धावत आले. चौथऱ्यावर काहीच नाही हे दोघांनाही दिसत होते. परंतु अध्यक्ष ‘वा’ म्हणाल्यावर तसे म्हणण्याची छाती कोणाची?

“धाडस आहे,” पहिला म्हणाला.

“सागवान किती संयमानं वापरलंय!” दुसरा म्हणाला.

“बघा,” अध्यक्ष पाठ आणखी सैल टेकवत म्हणाले, “हे आसन आपल्याला बसूच देत नाही. माणसाला आयुष्यभर टेकायला जागा मिळत नाही, ही वेदना इथं मला अक्षरशः जाणवते आहे.” एवढे बोलून त्यांनी एक सुखाची जांभई दिली. “पहिलं पारितोषिक. कोण आहे हा प्रतिभावंत?”

टाळ्या कडाडल्या. बायकोने नवऱ्याचा दंड घट्ट धरला. मेहुण्याचाही व्यवहारी जीव विरघळला. “घ्या, भाऊजी, घ्या! गप्प राहा आणि घ्या. काही न करता मिळतंय!”

तेच तर रचनाकाराला झोंबले. वर्षभर त्याने लाकूड तासले, आणि मान मिळत होता तो हवेला! तो खांबाआडून बाहेर आला.

“साहेब, क्षमा करा. चौथऱ्यावर काही नाही. माझं काम आपल्या खाली आहे.”

अध्यक्षांनी फरशीकडे पाहिले. “हा गालिचा?”

“गालिच्याच्या वर, साहेब. आपल्या खाली.”

अध्यक्ष उठले. उठताना त्यांना जरा जिवावरच आले. त्यांनी त्या वस्तूला एक फेरी घातली, पाठीवरून बोट फिरवले, वाकून पाय पाहिले. विश्वास बसेना म्हणून पुन्हा बसून पाहिले, आणि आपण बसू शकतो हे ध्यानात येताच त्यांचा चेहरा संतापाने लाल झाला. मेहुणा कानाशी हात नेऊन दोन पावले पुढे सरकला.

“ही प्रवेशिका बाद!” अध्यक्ष कडाडले. “आम्हाला काय वेडे समजता? ही तर चक्क खुर्ची आहे!”