साखरेची बशी

ब्रिन माझी सतरा वर्षांची मुलगी. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत तिच्या पहिल्या विनोदी सिनेमाचं शूटिंग चाललं होतं आणि ती अल्पवयीन असल्यामुळे मलाही रोज सेटवर बसावं लागे. त्या दिवशी ब्रिन जेवणाच्या टेबलावर म्हणणार, "मॉम, मला मुली आवडतात," आणि पडद्यावरची आई किंचाळून तिच्या डोक्यात साखरेपासून बनवलेली, सहज फुटणारी खोटी बशी फोडणार, असा प्रसंग होता. तोच शॉट पुन्हा पुन्हा घेत होते आणि दरवेळी सगळं युनिट खिदळायचं. "अजून रड गं, तू रडलीस की जास्त मजा येते!" दिग्दर्शक ओरडला. पुढच्या वेळी ते वाक्य म्हणताना ब्रिनने आईचं काम करणाऱ्या नटीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. तो अभिनय नव्हता. मी तरातरा पुढे जाऊन नटीच्या हातातली बशी हिसकावली. "कॅमेरा बंद करा! पोरीच्या रडण्यावर कसले दात काढता?" ब्रिन माझ्याजवळ आली. "मॉम, चिडलीस?" "खूप. पण तुझ्यावर नाही."